सासूबाईंसोबत सिस्टरांच्या फ्लॅटमध्ये

पुण्याला जायचं ठरलं ते विनयच्या जर्मनीमुळे. विनय म्हणजे माझा नवरा. नाशिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि त्याला दोन वर्षांचं काम तिकडे मिळालं. मीही बरोबर जाणार होते. प्रश्न आईंचा होता. माझ्या सासूबाई श्रीरामपूरला एकट्या राहतात. गुडघे दुखतात, साखर वर-खाली होते, आणि नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवड्याच्या वर त्यांचा जीव रमत नाही. आम्ही दोघं एवढ्या लांब गेल्यावर त्यांच्याजवळ कोण असणार, यावर दोन रविवार चर्चा झाली. तिसऱ्या रविवारी आई म्हणाल्या, "मी रत्नाला घेऊन येते."

रत्नाताई ही विनयची थोरली बहीण. ती कॅथलिक सिस्टर आहे, म्हणजे आजन्म व्रत घेतलेली धर्मभगिनी. बरीच वर्षं झारखंडमध्ये होती, गेल्या उन्हाळ्यात तिची बदली पुण्याला झाली. विनयने आईंना समजावून पाहिलं की ही काही नोकरी नव्हे, राजीनामा दिला आणि घरी आली असं होत नाही. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विचारायला काय हरकत आहे? एवढ्या वर्षांत मी त्या सिस्टरांकडे काही मागितलेलं नाही."

विनय व्हिसाच्या धावपळीत होता, म्हणून सोबतीला मी निघाले. विनयचं घर कॅथलिक, माझं माहेर मात्र नागपूरचं, बौद्ध कुटुंबातलं. लग्न कॉलेजातल्या ओळखीतून झालेलं. विहारातले भंतेजी मला ठाऊक आहेत, पण सिस्टर कशा राहतात, काय खातात, कुणाला विचारून बाहेर पडतात, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर रत्नाताई परत यावी असं आईंच्या खालोखाल मलाच वाटत होतं.

श्रीरामपूरहून पुण्याला जायला सकाळची एसटी सगळ्यात बरी. राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, मग नगर. नगरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबते, चहा तिथे घेऊन टाकावा. आम्ही घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी घेतली होती ती सुप्याच्या पुढे खाल्ली. शिरूर मागे पडलं की रांजणगावपासून कारखान्यांच्या लांबच लांब भिंती सुरू होतात आणि रस्त्यावर कंपनीच्या बसगाड्या दिसायला लागतात. वाघोलीच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी जाते. कुणी कितीही सांगितलं तरी शिवाजीनगरला पोचायला सहा तास धरूनच चालावं. तिथून वारज्याला शहर बस मिळते, पण आईंच्या गुडघ्यांकडे पाहून मी रिक्षा केली. मीटरप्रमाणे यायला तयार असलेला तिसरा रिक्षावाला भेटला.

वाटेत आई मला त्यांच्या मनातला मठ सांगत होत्या. त्यांनी नगर जिल्ह्यातली मिशनची जुनी ठिकाणं पाहिलेली. दगडी इमारत, चिंचेची झाडं, उंच कुंपण, घंटा, मागे गोठा. कर्वेनगर ओलांडून रिक्षा वारज्याच्या आतल्या रस्त्याला वळली आणि एका पाचमजली इमारतीसमोर थांबली. खाली किराण्याचं दुकान आणि कम्प्युटर क्लास. आई उतरेनात. पत्ता परत विचारा म्हणाल्या.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक काका पेपर घेऊन चालले होते. त्यांना मी विचारलं, सिस्टर इथेच राहतात का.

"राहतात," ते म्हणाले. "मेंटेनन्स वेळेवर भरतात, मीटिंगला येतात, आवाज करत नाहीत. त्यामुळे सोसायटीत त्यांच्याबद्दल बोलायला काही नाही."

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोरचे दोन फ्लॅट त्यांचे. दारावर लहानसा क्रूस, एवढीच खूण. रत्नाताईने दार उघडलं. फिकट निळी साडी, केस आता बरेच पांढरे. "जय ख्रिस्त, आई," म्हणाली आणि आईंना मिठी मारली. मग आईंच्या पायांतल्या चपला स्वतः काढून घेतल्या, पाणी आणलं, प्रवास कसा झाला ते विचारलं. सगळं अगदी नीट. आईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

अशा घरात राहायची वेळ कुणावर येईल म्हणून थोडं सविस्तर सांगते. इथे तिघी राहतात. सगळ्यांत मोठ्या सिस्टर फिलोमिना, वसईच्या, साठीच्या पुढे. या घराच्या प्रमुख त्याच. मग रत्नाताई. आणि केरळच्या सिस्टर ग्रेसी, नर्स आहेत, एका दवाखान्यात जातात. डावीकडच्या फ्लॅटमध्ये हॉलचंच चॅपेल, म्हणजे प्रार्थनाघर केलेलं आहे. समोर छोटी वेदी, तिच्यावर दिवसरात्र जळणारा लाल दिवा, खाली सतरंजी, भिंतीशी दोन खुर्च्या. त्याच फ्लॅटमध्ये पाहुण्यांची खोली, तिथे आमची सोय होती. उजवीकडच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल आणि तिघींच्या खोल्या. त्या खोल्यांकडे पाहुण्यांनी जायचं नसतं. दिवसा दोन्ही फ्लॅटची दारं उघडी असतात, त्यामुळे मधला जिन्याचा चौकच त्यांच्या ओसरीसारखा झालाय. पहाटे साडेपाचला प्रार्थना, पाहुण्यांना सक्ती नाही. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मात्र मोठ्याने बोलायचं नाही. टॉवेल आपला न्यावा. हे हॉटेल नाही, ओळखीशिवाय कुणी ठेवून घेत नाही, आणि निघताना जे द्यावंसं वाटेल ते चॅपेलच्या पेटीत टाकायचं.

पहिल्या संध्याकाळी जेवण सिस्टर फिलोमिनांनी केलं होतं. वरण, भात, वांग्याची भाजी आणि वसईच्या पद्धतीची सुक्या बोंबलाची चटणी. जेवताना आईंनी एकेक प्रश्न काढला. पगार कुठे जातो? सगळ्यांचा एकत्र जमा होतो. मग साडी हवी असली तर? मागायची. चप्पल? तीही मागायची.

"चाळिशीची बाई चप्पल मागते?" आई म्हणाल्या.

"मी साठीची मागते," फिलोमिना हसून म्हणाल्या. "मी घरप्रमुख आहे, पण माझ्या चष्म्यासाठी मला वरती विचारावं लागतं. सुरुवातीला लाज वाटते. मग कळतं, समोरचीही मागतच असते."

आईंना हे पटलं नाही. खोलीत आल्यावर मला म्हणाल्या, हिच्या बापाने हिला कधी मागायची वेळ येऊ दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई उठून चॅपेलमध्ये गेल्या. मीही मागे बसले. तिघी आलटून पालटून मराठीत स्तोत्रं म्हणत होत्या. ग्रेसींच्या तोंडी मराठी शब्द जरा गोल होऊन येत होते. खाली दूधवाल्याची सायकल, वर कुणाचा तरी मिक्सर, आणि मधे ही प्रार्थना. शांतता म्हणजे आवाज नसणं अशी माझी समजूत होती. या तिघींना आवाजाचं काही देणंघेणंच नव्हतं.

नाश्त्यानंतर आम्ही रत्नाताईबरोबर तिच्या कामावर गेलो. हायवेच्या बाजूला मोठमोठ्या इमारतींचं काम चालू आहे. हिंजवडीला जाणाऱ्या मुलामुलींनी बुक केलेले फ्लॅट असणार सगळे. त्या इमारतींच्या खाली पत्र्याची शेड आहे आणि तिथे मजुरांच्या मुलांची बालवाडी रत्नाताई चालवते. मराठवाड्यातली, छत्तीसगडची, बिहारची मुलं. चटया अंथरल्या, तोंडं धुऊन झाली, मग गाणी. आई चाळीस वर्षं शाळेत शिक्षिका होत्या. थोडा वेळ त्या बाहेर बसून पाहत राहिल्या, मग आत जाऊन एका मुलीची पाटीवरची बोटं धरून अक्षर वळवायला लागल्या. दुपारपर्यंत त्या काही तिथून हलल्या नाहीत.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला. रत्नाताई चॅपेलमध्ये होती. टेबलाशी आई, फिलोमिना आणि मी. आईंनी सगळं सरळ सांगितलं. मुलगा परदेशी चाललाय, सूनही चालली, मी एकटी आहे, माझी मुलगी मला काही दिवस द्या. बोलताना त्यांचा आवाज शिक्षिकेचाच होता, पण हात पदराशी चाळा करत होते.

फिलोमिनांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "रत्नाने मला मागच्याच महिन्यात विचारलं. तुम्हाला कळवलं नाही, कारण होकार येईपर्यंत तिला तुमची आशा वाढवायची नव्हती. आईवडिलांसाठी वर्षभर घरी राहायची सोय आमच्या नियमात आहे. व्रत तसंच राहतं, ती आमचीच राहते, फक्त राहायला तुमच्याकडे. आमच्या प्रांतप्रमुखांनी हो म्हटलंय. पुढे लागलं तर वाढवूनही मिळतं."

आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फिलोमिनांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी गॅलरीत जाऊन विनयला मेसेज केला की काम झालं. त्याचा लगेच फोन आला. तिकिटं बघू का म्हणाला. मला इतकं हलकं वाटत होतं की मी समोरच्या दुकानातून सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं.

तिसरा दिवस मंडईचा. आठवड्याची भाजी सिस्टर एरवी वारज्यातच घेतात, पण आईंना पुण्यात काय पाहायचंय विचारलं तर त्यांनी मंडई सांगितली. बसने गेलो. सकाळी लवकर गेलात तर गर्दीत पाय ठेवायला जागा मिळते. जुन्या दगडी इमारतीच्या आत गाळ्यांवर भाज्या उतरंडीसारख्या रचलेल्या असतात आणि वरच्या उंच छतामुळे भर बाजारातही गार वाटतं. आईंनी मेथी, गवार, अंजीर घेतले. एका बाईने गवारीला हात लावू नका म्हटल्यावर आईंनी श्रीरामपूरचा भाव ऐकवला. ती म्हणाली, "मग तिथूनच आणायची होती, मावशी." आई त्यावर खुशीत हसल्या. रत्नाताई दोघींच्या मधे पिशवी धरून उभी होती, शांत. आईंना काय हवं, पाणी हवं का, बसायचं का, हेच विचारत होती.

बसमध्ये आई मला हळूच म्हणाल्या, "बघतेस ना कशी वागते? घरी सुट्टीला येते तेव्हा पण अशीच. पुढ्यात येईल ते खाते. चादरीची घडी करून ठेवते. चहा दिला तर थँक्यू म्हणते. मला माझी मुलगी कशी होती तेच आठवेनासं झालंय."

दुपारी जेवून आम्ही दोघी पाहुण्यांच्या खोलीत पडलो होतो. समोरच्या फ्लॅटमधून एकदम मोठा आवाज आला. रत्नाताईचा.

झालं होतं असं. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत, त्या तिघींनी वाटून घेतल्यात. रत्नाताईने बालवाडीच्या धुतलेल्या चटया घालायला ग्रेसींच्या दोरीवरचा ओला युनिफॉर्म काढून बादलीत ठेवला होता. ग्रेसींना चारला ड्युटीवर जायचं होतं. त्या हिंदीत सुरू झाल्या, कारण त्यांची प्रार्थना मराठीत होते पण भांडण अजून हिंदीतच जमतं. रत्नाताई मराठीत उत्तर देत होती, तेही अस्सल नगरी चढ्या सुरात. गेल्या वेळी माझ्या चटया तू खाली पाडल्यास, तेव्हा मी काही बोलले का? दोरी काय तुझ्या नावावर आहे? फिलोमिना मधे काहीतरी म्हणाल्या, त्यांनाही दोघींनी जुमानलं नाही.

मला संकोच वाटला. मी दार लोटायला उठले. आई ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "राहू दे. उघडं असू दे."

त्या कान देऊन ऐकत होत्या. रागावल्या असतील असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर चेहरा निवळलेला, ओठांवर हसू.

"हाच तिचा आवाज," त्या म्हणाल्या. "विनयशी अशीच भांडायची. शब्दसुद्धा तेच."

थोड्या वेळाने पाणी प्यायला म्हणून आम्ही त्या बाजूला गेलो. रत्नाताई टेबलावर चादर घालून ग्रेसींचा युनिफॉर्म इस्त्रीने वाळवत होती. ग्रेसी समोर बसून आमची मंडईची मेथी निवडत होत्या. दोघी एकमेकींशी अजून बोलत नव्हत्या. युनिफॉर्म झाला तसा रत्नाताईने तो पुढे केला, ग्रेसींनी घेतला आणि त्या निघाल्या. जाताना दारातून ओरडून सांगितलं की डाळ भिजत घालायला विसरू नको. रत्नाताई "बरं बरं" म्हणाली, आणि मग आम्ही उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं. ती लाजली. माफ करा म्हणाली.

आईंनी तिला एकच विचारलं, "मला तुझी खोली बघता येईल का?" फिलोमिनांनी मानेनेच हो म्हटलं.

मी बाहेरच थांबले. दारातून दिसलं ते एवढंच, की एक कॉट, टेबल, कपाट, खिडकीत कोरफडीची कुंडी. आईंनी गादी हाताने दाबून पाहिली. कपाटाचं दार उघडून साड्यांची चळत पाहिली. टेबलावर पुस्तकं, मुलांची चित्रं आणि चहाचा न विसळलेला कप होता. कप त्यांनी उचलला नाही, नुसता पाहिला.

संध्याकाळी आम्ही तिघी गच्चीवर गेलो. तिथून हायवे आणि पलीकडचे डोंगर दिसतात. आई टाकीच्या कठड्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "रत्ना, मी तुला न्यायला आले होते."

"माहीत आहे. परवानगी मिळाली आहे. पुढच्या महिन्यात मी येते."

"येऊ नकोस."

रत्नाताईला वाटलं आई रुसल्या. ती जवळ आली. "आई, मी खरंच येणार आहे. तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत."

"म्हणूनच नको म्हणते. तिथे आलीस की तू पाहुण्यासारखी राहशील. माझी औषधं वेळेवर देशील, माझं सगळं ऐकशील आणि रोज संध्याकाळी इकडे काय चाललं असेल याचा विचार करत बसशील. वर्षभर पाहुणी सांभाळायचं माझं वय राहिलं नाही."

रत्नाताई रडायला लागली. मी तिला आवाज न करता रडताना पाहिलं, आणि मग नाक ओढत, पदराने तोंड पुसत, लहान मुलीसारखं रडतानाही पाहिलं. म्हणाली, "तू एकटी पडशील."

"एकटी कशाला पडेन? तुम्ही तिघी कुठल्या कुठल्या, एका घरात राहताच ना?" आई म्हणाल्या. "माझ्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. नर्सिंगच्या मुली गावात खोल्या शोधत फिरत असतात."

कालचा तो हलकेपणा माझ्या हातून निसटत होता, आणि मला आईंचा रागही आला होता. विनयला फोनवर सांगितलं. मग त्याने विचारलं, आई कशी दिसतेय? मी म्हटलं, बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखी. तो म्हणाला, मग ती म्हणतेय ते करून बघू.

शेवटच्या रात्रीच्या जेवणाला आईंनी फिलोमिनांकडून घर कसं चालवायचं त्याची शिकवणीच घेतली. स्वयंपाकाच्या पाळ्या कशा लावता, आजारी पडली तर तिची पाळी कोण घेतं, पाहुणे आले तर काय. फिलोमिनांनी मनापासून सांगितलं. जेवण एकत्र, भांडी ज्याची त्याने घासायची, आणि बाथरूमचं आधीच ठरवून टाका, कारण मोठ्या तत्त्वांवर आम्ही कधी भांडलो नाही. ग्रेसींनी साखरेच्या औषधांच्या वेळा मला समजावल्या. त्या रात्री स्वयंपाक रत्नाताईने केला. भाकरी जाड झाल्या होत्या. आईंनी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तू करायच्या होत्यास." आई खूश झाल्या.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने परतलो. परतीची गाडी शिवाजीनगरहूनच धरावी, बसायला जागा मिळते.

विनय ठरल्याप्रमाणे गेला. मी तीन महिने मागे राहिले, घडी बसेपर्यंत. मागच्या खोल्यांत आता संगमनेरची एक आणि जालन्याची एक अशा नर्सिंगच्या दोन मुली आहेत. पहिल्या महिन्यात एक सोडून जायला निघाली होती, आईंनी तिची समजूत काढली की तिने आईंची, ते अजून मला नीट कळलेलं नाही. साखर सध्या आटोक्यात आहे. रत्नाताई दर रविवारी फोन करते आणि पूर्वीसारखी फक्त तब्येत विचारून ठेवत नाही. तक्रारी सांगते. मागच्या वेळी सोसायटीच्या पाण्याबद्दल दहा मिनिटं बोलली.

मी पुढच्या आठवड्यात निघते आहे. भीती गेली असं म्हणणार नाही. काल रविवारी शेवटचं म्हणून आईंबरोबर चर्चला गेले. मिस्साची प्रार्थना संपल्यावर अंगणात बायका भेटतात. त्यांच्यातल्या एका आजींनी रत्नाची चौकशी केली. इतकी वर्षं कुणी असं विचारलं की आईंचं एक ठरलेलं उत्तर असायचं. ती प्रभूच्या सेवेत आहे, असं त्या हात जोडून सांगायच्या, आणि विचारणारीही पुढे काही विचारायची नाही.

काल आईंनी हात जोडले नाहीत. म्हणाल्या, "बरी आहे. वारज्याला राहते. मी जाऊन आले ना तिच्या घरी."